रिकाम्या चॅनेलचा हिशेब

ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्र सरकारने 700 मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्यांदा लिलावात काढला. या पट्ट्यातल्या लहरी लांबवर जातात, भिंतींतून आत शिरतात, त्यामुळे कमी टॉवरमध्ये जास्त मुलूख व्यापता येतो. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागासाठी तो फार मोलाचा. राखीव किंमत होती देशभरासाठी मेगाहर्ट्झमागे 11,485 कोटी रुपये. एकही बोली आली नाही. मार्च 2021 मध्ये किंमत 6,568 कोटींवर आणली, तरी कोणी पुढे आले नाही. 2022 च्या लिलावात ती 3,927 कोटी झाली, तेव्हा जिओने 10 मेगाहर्ट्झ घेतले आणि 39,270 कोटी मोजले.

या जवळपास सहा वर्षांत देशाच्या तिजोरीचे किती नुकसान झाले यावर वाद घालता येईल. वापराचे जे नुकसान झाले त्यावर मात्र वाद नाही. धरणातले पाणी यंदा सोडले नाही तर पुढच्या पाळीला उपयोगी पडते. 2017 साली न वापरलेला मेगाहर्ट्झ 2022 मध्ये दुप्पट होऊन मिळत नाही. तो गेला तो गेलाच.

फ्रिक्वेन्सी चॅनेलचे वाटप कार्यक्षमतेने कसे करावे, हा प्रश्न गणितज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि कायदेपंडित यांनी आपापल्या परीने गेली सत्तर-ऐंशी वर्षे हाताळला आहे. या सगळ्या कामाकडे एकत्र पाहिले की मला एक गोष्ट ठळक दिसते. टॉवरपासून फोनपर्यंतच्या पातळीवर हा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला आहे. मोठी नासाडी होते ती त्याच्या वर, परवान्यांच्या आणि किमतींच्या पातळीवर.

वाटप तीन मजल्यांवर होते. सर्वांत वर कोणता पट्टा कोणत्या सेवेला, हे ठरते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यासाठी जगाचे तीन विभाग केले आहेत, भारत तिसऱ्यात येतो. दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरते आणि नियमावली सुधारते. 2023 ची परिषद दुबईत झाली. या नियमावलीच्या चौकटीत राहून आपला दूरसंचार विभाग राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखडा काढतो. मधल्या मजल्यावर पट्ट्याचे तुकडे कंपन्यांना किंवा सरकारी खात्यांना मिळतात. खालच्या मजल्यावर कंपनी आपल्या तुकड्यातले चॅनेल टॉवरना आणि क्षणाक्षणाला फोनना वाटते. आधी या खालच्या मजल्याकडे पाहू, कारण सर्वांत देखणे काम तिथे झाले आहे.

1947 साली बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात सुचवले की शहरभर एकच उंच, ताकदवान ट्रान्समीटर लावण्याऐवजी मुलुखाचे छोटे षट्कोनी भाग पाडावेत, प्रत्येकात कमी शक्तीचा ट्रान्समीटर ठेवावा आणि तीच फ्रिक्वेन्सी पुरेशा अंतरावर पुन्हा वापरावी. आज ज्याला आपण 'सेल' म्हणतो तो हाच. सात षट्कोनांचा गट करून सगळे चॅनेल सातांत वाटले, तर एकच चॅनेल वापरणाऱ्या दोन सेलच्या केंद्रांमधले अंतर सेलच्या त्रिज्येच्या साधारण 4.6 पट राहते. गट चारचा केला तर प्रत्येक सेलला जास्त चॅनेल मिळतात, पण अंतर घटून त्रिज्येच्या साधारण साडेतीन पटींवर येते आणि व्यत्यय वाढतो. पुढच्या सगळ्या मोबाइल नियोजनाचा गाभा या ओढाताणीत आहे.

कागदावरचे षट्कोन प्रत्यक्ष जमिनीवर टिकत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या टॉवरच्या लहरी खाली कोकणात दूरवर पोचतात आणि त्याच टॉवरच्या पाठीमागच्या दरीत एक दांडीही दिसत नाही. म्हणून अभियंत्यांनी षट्कोन सोडून आलेख हाती घेतला. प्रत्येक टॉवर हा एक बिंदू. ज्या दोन टॉवरच्या लहरी एकमेकींना बाधतात त्यांच्यामध्ये एक रेघ. प्रत्येक चॅनेल म्हणजे एक रंग. रेघेने जोडलेल्या बिंदूंना एकच रंग यायला नको आणि एकूण रंग कमीत कमी लागावेत. बी. एच. मेट्झगर यांनी 1970 मध्ये हे नाते दाखवले आणि विल्यम हेल यांनी 1980 मध्ये एका विस्तृत लेखात ते पक्क्या पायावर उभे केले. प्रत्यक्षात अटी आणखी कडक असतात. शेजारच्या टॉवरना लगतचे चॅनेलही चालत नाहीत आणि एकाच टॉवरवरच्या दोन चॅनेलमध्ये तर बरेच अंतर ठेवावे लागते.

आलेख रंगवण्याचा हा प्रश्न अवघड प्रश्नांच्या त्या प्रसिद्ध कुळातला आहे, ज्यांचे सर्वोत्तम उत्तर हमखास आणि झटपट काढण्याची रीत कोणालाही सापडलेली नाही. फिलाडेल्फिया परिसरावर बेतलेला 21 षट्कोनांचा एक नमुना 1973 मध्ये मांडला गेला आणि पुढे अनेक वर्षे प्रत्येक नवी पद्धत त्याच्यावर पारखली गेली. 1990 च्या दशकात युरोपात फ्रेंच लष्कराच्या सेलार संस्थेने दिलेल्या रेडिओ-दुव्यांच्या प्रश्नांवर अनेक विद्यापीठांनी मिळून काम केले. ज्या टॉवरला जागा मिळणे सर्वांत कठीण त्याला आधी चॅनेल द्या, ही साधी युक्ती. मग धातू तापवून हळूहळू थंड करण्याच्या क्रियेवरून सुचलेली पद्धत, नुकत्याच केलेल्या चाली काही काळ निषिद्ध ठरवणारी शोधपद्धत, जनुकीय पद्धत असे पुष्कळ मार्ग आले. यांपैकी कोणतीही पद्धत नीट राबवली तर व्यवहारात पुरेसे चांगले उत्तर मिळते. जुन्याच नमुन्यांवर आणखी अर्धा टक्का कमावणारे संशोधन अभ्यास म्हणून मोलाचे असेल, पण जमिनीवरची टंचाई त्याने हलत नाही.

टंचाई हलते ती दुसऱ्या एका जुन्या सूत्राने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी 1917 मध्ये काढलेले हे सूत्र सांगते की ठरावीक वाहिन्यांवर किती संभाषणे घेतली तर शंभरातल्या किती जणांना लाइन मिळणार नाही. शंभरात दोघांना नकार चालेल असे मानले, तर 10 चॅनेल सरासरी 5.1 संभाषणे एका वेळी पेलतात. दहा-दहाचे दोन स्वतंत्र गट मिळून 10.2. पण तेच 20 चॅनेल एकत्र ठेवले तर 13.2. नवी यंत्रणा नाही, नवा टॉवर नाही. केवळ गट मोडला नाही म्हणून सुमारे तीस टक्के जादा क्षमता हाती येते. एका गटात गर्दी असते तेव्हा दुसरा बहुधा मोकळा असतो, एवढेच त्यामागचे कारण.

आता हे सूत्र भारताच्या जीएसएम काळाला लावून पाहा. एक जीएसएम चॅनेल 200 किलोहर्ट्झ रुंद आणि त्यात आठ जणांना आळीपाळीने वेळ मिळतो. आपल्याकडे कंपनीला सुरुवातीला 4.4 मेगाहर्ट्झची जोडी मिळे, म्हणजे 22 चॅनेल. चार टॉवरचा गट आणि प्रत्येक टॉवरचे तीन भाग धरले, तर बारा भागांत 22 चॅनेल वाटायचे. प्रत्येकाच्या वाट्याला दोनही पूर्ण येत नाहीत. जानेवारी 2008 मध्ये 2001 च्या दराने 122 परवाने दिले गेले तेव्हा एकेका सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या विभागात, दहा-बारा कंपन्या असे पातळ काप घेऊन उभ्या राहिल्या. महालेखापरीक्षकांनी 1.76 लाख कोटींच्या संभाव्य तोट्याचा आकडा दिला, 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळे परवाने रद्द केले, डिसेंबर 2017 मध्ये विशेष न्यायालयाने गैरव्यवहाराच्या खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. या सगळ्या काळात पैशावर अमाप चर्चा झाली. त्या तुकडेबाजीत संभाषणे पेलण्याची किती क्षमता वाया गेली, यावर जवळजवळ झालीच नाही. ग्राहकाने कट होणाऱ्या कॉलच्या रूपाने सोसले ते हेच नुकसान होते.

चॅनेल कायमचे बांधून न देता मागणीनुसार फिरवायचे, शेजारच्या सेलकडून उसने घ्यायचे, ही कल्पना अर्लांगच्या याच हिशेबातून पुढे आली. रात्री वस्तीत आणि दिवसा कचेऱ्यांत जाणारी गर्दी लक्षात घेता ते स्वाभाविकच होते. मात्र फिरत्या वाटपाचा फायदा रहदारी कमी-मध्यम असताना जास्त मिळतो; सगळीकडेच गर्दी दाटली की नीट आखलेले स्थिर वाटप बरोबरीला येते किंवा पुढेही जाते. सरसकट फिरत्या वाटपाची शिफारस करणाऱ्यांनी ही मर्यादा विसरू नये.

चौथ्या पिढीपासून चित्र बदलले. आता बहुतेक ठिकाणी शेजारशेजारचे सगळे टॉवर एकच पट्टा वापरतात. त्या पट्ट्याचे 180 किलोहर्ट्झचे बारीक तुकडे करून टॉवर ते दर मिलिसेकंदाला नव्याने वाटतो. कोणाला द्यायचे? ज्याचा सिग्नल सर्वांत चांगला त्यालाच देत गेले तर एकूण वेग सर्वाधिक होईल, पण सेलच्या कडेला राहणाऱ्याला काहीच मिळणार नाही. सर्वांना समान वेळ दिला तर कोणाचा सिग्नल कोणत्या क्षणी चांगला आहे, या माहितीचा उपयोगच होत नाही. रूढ झालेला उपाय असा: प्रत्येकाचा या क्षणीचा संभाव्य वेग त्याला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागायचा आणि ज्याचे उत्तर मोठे त्याला तुकडा द्यायचा. बराच काळ उपाशी राहिलेल्याची पाळी येते आणि तीही त्याचा सिग्नल त्यातल्या त्यात चांगला असतानाच येते. कार्यक्षमता आणि न्याय यांना एकाच भागाकारात बसवणारी ही रीत मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता मधला मजला. 1951 मध्ये लिओ हर्झेल या विद्यार्थ्याने आणि 1959 मध्ये रोनाल्ड कोस यांनी अमेरिकेत म्हटले की फ्रिक्वेन्सी अर्जांवर फुकट वाटू नयेत, विकाव्यात. पुढे पस्तीस वर्षांनी, जुलै 1994 मध्ये, अमेरिकेत पहिला लिलाव झाला. त्याच्या रचनेत पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांचा मोठा वाटा होता. 2020 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्याआधी न्यूझीलंडने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम घेण्याची पद्धत वापरली, तेव्हा एक लाख डॉलरची बोली लावणाऱ्या एका कंपनीला फक्त 6 डॉलर भरावे लागले, कारण दुसरी बोली तेवढीच होती. रचना चुकली तर लिलावही फसतो.

भारतात 2010 च्या थ्रीजी लिलावाने 67,719 कोटी आणले आणि तेव्हापासून लिलावाचे यश रकमेवर मोजण्याची आपल्याला सवय लागली. 2022 मध्ये 1,50,173 कोटी आले, त्याच्या बातम्या झाल्या. 72,098 मेगाहर्ट्झपैकी 51,236 विकले गेले, याकडे कमी लक्ष गेले. 2024 मध्ये 10,522 मेगाहर्ट्झपैकी विकले गेले केवळ 141.4. लिलाव पारदर्शक आहे, मनमानीपेक्षा शतपटीने बरा आहे, हे मी मानतो. पण राखीव किंमत चुकली की सरकार स्वतःच साठेबाज होते. फेब्रुवारी 1995 मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि जनहितासाठी वापरायच्या आहेत असे सांगितले. वापरायच्या आहेत, हा त्यातला अर्धा भाग आपण विसरतो.

गणित आणि बाजार यांची खरी सांगड अमेरिकेने 2016-17 मध्ये घातली. टीव्ही केंद्रांकडचा यूएचएफ पट्टा मोबाइलला हवा होता. सरकारने केंद्रांना विचारले की किती पैसे घेऊन तुम्ही चॅनेल सोडाल. किंमत उतरत जाई. जे केंद्र नाही म्हणे त्याला उरलेल्या आटोपशीर पट्ट्यात, कोणालाही न बाधता बसवता येईल का, हे प्रत्येक पायरीला तपासावे लागे. हा तोच आलेख रंगवण्याचा प्रश्न, पण लाखो अटींसह आणि हजारो वेळा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले केविन लेटन-ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी खास प्रणाली रचली. बहुसंख्य प्रश्नांना ती मिनिटाच्या आत उत्तर देई. 84 मेगाहर्ट्झ मोकळे झाले, 19.8 अब्ज डॉलर जमले आणि त्यांतले सुमारे 10 अब्ज चॅनेल सोडणाऱ्या केंद्रांना मिळाले. खालच्या मजल्यावरचे गणित मधल्या मजल्यावर चढवले की काय साधते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे टीव्हीचा यूएचएफ पट्टा सोडवायला पैसे मोजावे लागण्याचे कारणच नव्हते; तो बराचसा रिकामाच होता. आयआयटी मुंबईतल्या अभय करंदीकर, अनिमेष कुमार आणि सहकाऱ्यांनी 2014 च्या सुमारास दाखवून दिले की 470 ते 590 मेगाहर्ट्झमधल्या 15 पैकी किमान 12 चॅनेल देशात कुठेही मोकळे मिळतात, कारण जमिनीवरून प्रक्षेपण करणारे एकटे दूरदर्शन आहे. त्यांनी पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरातल्या गावांत या मोकळ्या चॅनेलवर ब्रॉडबँड पोचवूनही दाखवले. झाडी, टेकड्या, विखुरलेले पाडे. फायबर ओढणे महाग आणि वाय-फायच्या लहरी तिथे झाडीतच अडकतात. यूएचएफ लहरी पोचल्या. पुढे दूरदर्शनने आपले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटरही बंद केले. तरी त्या मोकळ्या चॅनेलवर देशभर सेवा उभी करू देणारी चौकट आपण वेळेत आणली नाही. पालघरचा प्रयोग बरीच वर्षे प्रयोगाच्याच परवान्यावर राहिला, याची मला खंत वाटते. मुंबईपासून शंभर किलोमीटरवर सिद्ध झालेला उपाय मेळघाटात आणि गडचिरोलीत जायला हवा होता.

वाटून वापरण्याचे इतर नमुनेही आहेत. अमेरिकेत 3550 ते 3700 मेगाहर्ट्झचा पट्टा नौदलाच्या रडारचा. किनाऱ्यावरचे संवेदक रडार सुरू झाल्याचे टिपतात, संगणकीय व्यवस्था इतरांना दुसऱ्या चॅनेलवर हलवते आणि रडार थांबले की जागा पुन्हा खुली होते. लिलावात हक्क घेतलेल्यांना दुसरा मान, बाकी सर्वांना तिसरा. त्याहून साधा मार्ग परवानाच न लावण्याचा. जानेवारी 2005 मध्ये भारताने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधले 605 मेगाहर्ट्झ खुले केले. या पट्ट्यांनी लिलावात एक रुपयाही आणला नाही, तरी घराघरांतला आणि कचेऱ्यांतला इंटरनेटचा केवढा मोठा भार ते वाहतात! सहा गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या खालच्या 500 मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम यायला मात्र मे 2025 उजाडला. अमेरिकेने 1200 मेगाहर्ट्झ एप्रिल 2020 मध्येच खुले केले होते.

कार्यक्षमतेची कोणतीही व्याख्या करताना नारायणगावजवळच्या खोडदकडेही पाहायला हवे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आकाशाकडे कान लावून आहेत. हायड्रोजनचा अणू 1420 मेगाहर्ट्झला लहर सोडतो, म्हणून 1400 ते 1427 हा पट्टा जगभर शांत ठेवला जातो. तिथे प्रक्षेपणास बंदी आहे. पण विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकांकडून येणारी तीच लहर खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकते. 2023 मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात खोडदच्या दुर्बिणीने अशा दूरस्थ हायड्रोजनची खूण सुमारे 620 मेगाहर्ट्झला टिपली. तो आकडा संरक्षित पट्ट्यात नाही. तो पडतो 612 ते 703 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जो आपण मोबाइलसाठी राखून 2022 च्या लिलावात काढला आणि ज्याला एकही बोली आली नाही. लिलावाच्या वहीत तो पट्टा पडून होता. जुन्नर तालुक्यात त्याच फ्रिक्वेन्सीवर अब्जावधी वर्षांपूर्वीची लहर ऐकली जात होती. वापर म्हणजे फक्त प्रक्षेपण नव्हे, आणि जागेनुसार वापर वेगळा असू शकतो. देशभरासाठी एकच निर्णय घेणारी वाटपपद्धत हे दोन्ही पाहू शकत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा की स्पेक्ट्रमचे एकक आता 'सर्कलभर, वीस वर्षे' असे राहू नये. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई परिसर वगळता सगळे राज्य आणि गोवा येतो. पुण्याच्या हिंजवडीत अपुरा पडणारा पट्टा त्याच परवान्याखाली धडगावच्या डोंगरात निजलेला असू शकतो. तिथे दुसऱ्या कोणाला, मूळ धारकाला न बाधता, तो वापरता यायला हवा. यासाठी नवा कायदाही नको. 2023 च्या दूरसंचार कायद्यात विनाकारण न वापरलेला स्पेक्ट्रम, सगळा किंवा अंशतः, परत घेण्याची आणि दुय्यम वापराला मुभा देण्याची तरतूद आहे. ती वापरायची तर आधी कुठे काय पडून आहे हे कळले पाहिजे. टॉवरच्या किरणोत्साराची माहिती देणारे 'तरंग संचार' पोर्टल दूरसंचार विभागाने 2017 मध्येच लोकांसाठी उघडले. त्याच धर्तीवर कोणत्या तालुक्यात कोणता पट्टा कोणाकडे आहे आणि तो प्रत्यक्ष किती वापरात आहे, याचा नकाशा विभागाने प्रसिद्ध करावा. आपल्या तालुक्यापुरती ही माहिती ग्रामपंचायतींनी, ग्राहक संघटनांनी आणि आमदार-खासदारांनी आजपासून मागायला लागावे.